मोडी वाचून देणाऱ्याचे ऋण कसे फेडावे? आणि इतर प्रश्न

वंशावळ शोधणाऱ्या मंडळींचे ऑनलाइन समूह गेल्या काही वर्षांत बरेच वाढले आहेत. गाव, आडनाव किंवा कुलदैवत यांच्या निमित्ताने जमलेल्या या समूहांत मोडीचा कागद वाचून देण्यापासून परळच्या रुग्णालयात उपचारांसाठी आलेल्या सदस्याच्या घरच्यांना डबा पोचवण्यापर्यंत सगळे चालते, आणि जिथे माणसे इतकी जवळ येतात तिथे प्रश्नही उभे राहतात. या अंकासाठी अशा चार पत्रांची निवड केली आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : मी मुलुंडला राहते आणि बँकेतून निवृत्त झाले आहे. सासरच्या माळ्यावर सापडलेले मोडी कागद वाचून घेण्यासाठी मी एका वंशावळ-समूहात सामील झाले. चिपळूणजवळ राहणारे एक निवृत्त शिक्षक तेव्हापासून माझे कागद वाचून देत आहेत. मानधनाचा विषय काढला की ते हसून टाळतात. दिवाळीला मिठाई पाठवली, तर उलट त्यांच्याकडूनच आमसुले आणि कुळथाचे पीठ आले. आता नवा कागद पाठवायला संकोच वाटतो. हे ऋण कसे फेडावे?

उत्तर : गुरुजींनी कुळथाचे पीठ पाठवले, त्याअर्थी त्यांनी आपल्याला आपल्या माणसांत धरले आहे, पैशाचा विषय आता पुन्हा काढू नये. आपल्याला वाटणारा संकोच मात्र अनाठायी नाही, कारण त्यांचे श्रम खरोखरच मोठे आहेत. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात, दोन शब्दांमध्ये जागा सोडतीलच असे नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे वाचणाऱ्याला लिपी येऊन भागत नाही, मजकुरात काय असू शकेल याचा अंदाज असावा लागतो. त्यातून कागदाचा फोटो तिरका, अंगठ्याची सावली पडलेला आणि मेसेजमधून येताना बारीक झालेला असेल, तर एका ओळीवर अख्खी संध्याकाळ जाते.

म्हणून पहिली परतफेड म्हणजे त्यांचे काम हलके करणे. कागद खिडकीपाशी सपाट ठेवून, फ्लॅश न वापरता, आधी पूर्ण पानाचा आणि मग चार-चार ओळींचा फोटो काढावा, आणि तो चित्र म्हणून न पाठवता फाइल म्हणून पाठवावा, म्हणजे त्याची स्पष्टता टिकते. सोबत गाव, तालुका, गावातील वाड्यांची नावे, भावकीतील आडनावे आणि घरात ठाऊक असलेली जुनी नावे लिहून द्यावीत. वाडीचे नाव आधी माहीत असले की कागदावरचे तेच नाव पटकन ओळखू येते. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, एवढे आपणही शिकून ठेवावे. शक सनाला 78 मिळवले की इसवी सन मिळतो आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला 79 मिळवावे लागतात, हा हिशेबही आपल्याला करता येईल. बँकेत इतकी वर्षे काढलेल्या बाईंना तो जड जाऊ नये.

दुसरी परतफेड मुंबईत राहणाऱ्या माणसालाच करता येण्यासारखी आहे. गुरुजींना मुंबईतले काय हवे आहे, हे आपण कधी विचारले आहे का? चिपळूणकडच्या बहुतेक घरांतले कोणी ना कोणी गिरणीत, गोदीत किंवा पेढीवर कामाला मुंबईस आलेले असते. गावच्या कागदांत त्या माणसाचा माग जिथे तुटतो, तिथून पुढे तो लालबाग, परळ, शिवडी, नायगाव या भागात शोधावा लागतो. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातील जन्म-मृत्यूची नोंद, जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर, गावकरी मंडळाच्या वर्गणीच्या वह्या, फोर्टमध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेले पुराभिलेख संचालनालय, या ठिकाणी खेटे घालणे चिपळूणच्या वृद्ध गृहस्थांना जमणारे नाही. आपल्याला मुलुंडहून लोकल आहे. माझ्या पाहण्यातल्या एका समूहात साताऱ्याकडच्या एका सदस्याला आपले पणजोबा काळाचौकीला गावकीच्या खोलीत राहत असत, एवढेच ठाऊक होते. शिवडीच्या एका सदस्याने ओळखीने त्या मंडळाची जुनी वही उघडून घेतली, तेव्हा पणजोबांच्या नावापुढे महिना आठ आणे वर्गणी आणि अखेरीस ‘गावी गेला’ असा शेरा मिळाला. दोन शब्दांचाच शेरा, पण त्यामुळे मृत्यूची नोंद मुंबईत शोधणे थांबले आणि गावच्या कोतवाल बुकाकडे, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीकडे, लक्ष गेले.

एक पथ्य मात्र पाळावे. गुरुजींनी स्नेहाने केलेले वाचन न्यायालयात, जमिनीच्या वादात किंवा जातपडताळणीसाठी त्यांना न विचारता वापरू नये. कुणबी नोंदींच्या शोधाला 2023 मध्ये वेग आल्यापासून मोडी वाचकांना मागणी बरीच वाढली आहे. त्या कामासाठी मोबदला घेऊन, आपल्या सहीनिशी लिप्यंतर करून देणारे जाणकार असतात. स्नेहाच्या कामाला साक्षीपुराव्यात ओढले, तर पुढचा कागद वाचताना गुरुजींचा हात आखडेल, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही.

प्रश्न : माझे मूळ गाव अलिबाग तालुक्यातले असून मी गिरगावात राहतो. समूहातील एक ताई माझ्याच गावच्या आहेत. त्यांचे आजोबा 1947 मध्ये ‘रामदास’ बोटीच्या अपघातात गेले, असे त्यांच्या घरी सांगतात आणि दर वर्षी 17 जुलैला त्या आजोबांच्या आठवणीत चार ओळी लिहितात. आम्ही सगळे त्याखाली नमस्कार लिहितो. परवा माझ्या घराण्याचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदी, पाहताना 1951 च्या एका नोंदीत त्यांच्या आजोबांचे नाव दिसले. वडिलांचे नाव आणि आडनावही तेच. म्हणजे ते बुडालेच नव्हते काय? ताईंना हे सांगावे की गप्प बसावे? मला झोप लागत नाही.

उत्तर : झोप उडण्याइतका पुरावा अजून आपल्या हाती आलेला नाही. ‘रामदास’ त्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि पावसाळी समुद्रात वाटेतच उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण अजून निघते. इतक्या मोठ्या दुःखाच्या गोष्टीला हात लावण्यापूर्वी आपला कागद नीट तपासून घेणे अगत्याचे आहे.

फेरफारात नाव येणे आणि माणूस हयात असणे यांत अंतर आहे. खातेदार वारला तरी वारस नोंद वेळेवर होतेच असे नाही. वर्षानुवर्षे, क्वचित एक पिढीभर, मृताचेच नाव सातबारावर राहते, आणि मधल्या काळात त्या जमिनीसंबंधी जी नोंद होते तिच्यातही तेच नाव उतरते. शिवाय 1947 चा तुकडेबंदी कायदा आणि 1948 चा कूळ कायदा यांच्या अंमलबजावणीचा तो काळ होता, तेव्हा जुन्या कागदावरून नावे उतरवून केलेल्या नोंदी त्या वर्षांत असू शकतात. म्हणून नोंदीचा प्रकार आधी पाहावा. नाव केवळ खातेदार किंवा कूळ म्हणून आले आहे, की त्या माणसाने तलाठ्यापुढे जबाब दिला आहे, खरेदी-विक्री केली आहे, अंगठा उठवला आहे? जबाब असेल तर वय दिले आहे का? नावाआधी ‘अपाक’ किंवा ‘एकुमॅ’ अशी अक्षरे असतील, तर त्यांचा अर्थ अनुक्रमे अज्ञानाचा, म्हणजे अल्पवयीनाचा, पालनकर्ता आणि एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असा आहे, आणि त्यावरून घरात त्या वेळी कोण कर्ते होते याचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्याने एकाच भावकीत त्याच नावाचे, त्याच बापाच्या नावाचे दोन पुरुष असणे मुळीच दुर्मीळ नाही. तेव्हा सर्व्हे नंबर ताईंच्याच घराचा आहे का, हेही पाहावे. आजोबांच्या नावाची वारस नोंद कोणत्या वर्षी झाली आणि तीत मृत्यूची तारीख दिली आहे का, हा यातला निर्णायक कागद ठरू शकतो. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात. तिथे न मिळाल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा.

आता सांगण्याविषयी. समूहात या नोंदीचा उल्लेखही करू नये, आणि ‘नाव न घेता’ कोडे घालण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. एका गावची माणसे कोडे चटकन सोडवतात. नोंद केवळ खातेदाराची निघाली, तर गावचे फेरफार पाहताना आपल्या आजोबांच्या जमिनीचीही नोंद दिसली, हवी असल्यास प्रत पाठवतो, इतके साधे सांगता येईल, आणि ताईंना त्याचा आनंदच होईल. जबाब आणि अंगठा निघाला, तर मात्र मेसेज न करता भेटावे किंवा निदान फोन करावा. तेव्हाही निष्कर्ष सांगू नये. जुन्या नोंदींत आपल्या घराविषयी एक कागद दिसला आहे, घरी जे सांगतात त्याच्याशी तो जुळत नाही, आपल्याला पाहायचा आहे का, असे विचारून थांबावे. त्या नाही म्हणाल्या, तर विषय तिथेच संपला, आणि येत्या 17 जुलैला आपणही पूर्वीप्रमाणेच नमस्कार लिहावा. तो खोटेपणा ठरत नाही. त्या हो म्हणाल्या, तर कागद त्यांच्या हाती द्यावा आणि काय झाले असेल याचे तर्क त्यांच्यावर सोडावेत. घर सोडून गेलेला, दुसरा संसार थाटलेला, कर्जाला कंटाळून नाहीसा झालेला पुरुष अनेक घराण्यांत असतो आणि त्याच्याविषयी काय बोलायचे ते त्या घरानेच ठरवायचे असते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याने नोंदीचा उतारा मागण्याची मुभा कोणालाही दिली आहे, पण मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करू नये, अशी अटही त्याच कलमात घातली आहे. कायद्याने जेवढी अदब राखली आहे, तेवढी समूहातील स्नेह्याने राखावी, ही अपेक्षा फार नाही.

प्रश्न : मी कष्टाने तयार केलेली वंशावळ समूहातील एका सदस्याने न विचारता दुसऱ्या संकेतस्थळावर चढवली. त्यात माझ्या मुलींच्या जन्मतारखाही आहेत. सर्वांसमक्ष जाब विचारावा का? (बोरीवली)

उत्तर : आधी फोन करावा. नावांवर कोणाची मालकी नसते, तेव्हा मेलेल्यांच्या यादीवरून भांडू नये. ‘संकलन अमुक यांचे’ एवढी ओळ मागून घ्यावी. जिवंत व्यक्तींच्या जन्मतारखा आणि आईचे माहेरचे आडनाव मात्र त्याच दिवशी काढायला लावावे, कारण हीच माहिती बँका ओळख पटवण्यासाठी विचारतात. टाळाटाळ झाली, तर समूहाच्या संचालकांकडे जावे आणि त्या संकेतस्थळाकडेही लेखी तक्रार करावी. पुढच्या वेळी समूहात वंशावळ देताना हयात पिढी गाळूनच द्यावी.

प्रश्न : आमच्या समूहात दादरचे एक वयोवृद्ध काका आहेत. घराण्यांची माहिती त्यांना तोंडपाठ. कोणाचेही आडनाव सांगितले की मूळ गाव, कुलदैवत आणि गोत्र लगेच सांगतात. गेले तीन आठवडे त्यांचा काहीच पत्ता नाही, फोन बंद लागतो. आम्हांपैकी कोणीही त्यांना प्रत्यक्ष भेटलेले नाही. घरी जाणे आगाऊपणाचे होईल का? आणि सांगायला बरे वाटत नाही, पण त्यांच्या संग्रहाचे काय होईल, अशीही काळजी वाटते.

उत्तर : जावे. तीन आठवडे थांबायलाही नको होते. समूहात अनेकदा त्यांनी आपली चाळ किंवा गल्ली सांगितलेली असते. दादरला एवढ्यावर माणूस सापडतो. दोघांनी जावे, त्यांत एक बाई असावी, म्हणजे दार उघडणाऱ्याला धास्ती वाटत नाही. आपण कोण हे सांगताना ‘वंशावळीचा ग्रुप’ एवढेच म्हणू नये, कारण घरच्यांना बहुधा त्याची कल्पनाच नसते. आम्हांला काका आमच्या घराण्याची माहिती देत असत, असे सांगावे. बहुतेक वेळा मोतीबिंदूचे ऑपरेशन, मुलीकडे पुण्याला मुक्काम किंवा बिघडलेला फोन असे काहीतरी निघते, आणि काकांना आपण आल्याचे अप्रूप वाटते. निघताना सून, मुलगा किंवा शेजारी यांच्यापैकी एकाचा नंबर घ्यावा. आपल्या समूहातील प्रत्येक एकट्या राहणाऱ्या सदस्याचा असा दुसरा नंबर दोघा-तिघांजवळ असावा, हे काम आताच करून टाकावे.

संग्रहाची काळजी वाटण्यात अप्पलपोटेपणा नाही, फक्त ती चुकीच्या वेळी बोलून दाखवू नये. काका बरे असतील, तर त्यांनाच विचारावे, आणि त्यांच्यासमोर बसून वह्यांचे फोटो काढावेत. कोणत्या पानावरची माहिती कोणी सांगितली, हे त्यांच्याच तोंडून टिपून घ्यावे, कारण वहीत ते लिहिलेले नसते. दुर्दैवाने काका राहिले नसतील, तर दिवस होईपर्यंत संग्रहाचे नावही काढू नये. नंतर घरच्यांना एवढीच विनंती करावी की वह्या रद्दीत देऊ नयेत आणि जुने मोडी कागद कोणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेट करू नयेत, कारण प्लॅस्टिकमध्ये चिकटलेला कागद पुन्हा सुखरूप सुटत नाही. ते ‘सगळे घेऊन जा’ म्हणाले, तरी मूळ वह्या शक्यतो त्यांच्याच घरी राहू द्याव्यात, आपण फोटो घ्यावेत आणि त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून त्यांच्या नातवंडांपैकी ज्याला रस असेल त्याच्या हाती द्यावी.