आपला चेंडू असताना गप्प बसायचं

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

यंदा अमेरिकन फुटबॉलच्या मोसमात विद्यार्थी प्रेक्षकांच्या बाजूची जबाबदारी तुझ्याकडे दिली, हे वाचून मला फार आनंद झाला. तुझ्या बाबांना मी त्याच दिवशी फोन केला. आम्ही दोघं कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मोठे झालो, त्यामुळे ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजात आपली मुलगी प्रेक्षकांच्या पुढे उभी राहणार, याचं अप्रूप आम्हाला किती वाटत असेल ते तूच ओळख.

तू तक्रारही लिहिली आहेस. बाराशे मुलांच्या कॉलेजात सामन्याला जेमतेम दीडशे येतात, त्यातले निम्मे हाफटाइमला उठून जातात. आणि तुमच्यापासून दोन तासांवर कोलंबसला ओहायो स्टेटच्या मैदानात त्याच शनिवारी लाखावर माणसं बसलेली असतात. पहिली गोष्ट सांगतो, ती तुलना आजपासून सोडून दे. तिथे जवळपास साठ हजार विद्यार्थी शिकतात आणि मैदानावरचा मुलगा त्यांतल्या बहुतेकांना फक्त टीव्हीवर भेटतो. तुमच्याकडे संघात शंभर मुलं आहेत म्हणालीस. म्हणजे कॉलेजातलं प्रत्येक बारावं माणूस संघात आहे. तुझ्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, मेसच्या रांगेत, हॉस्टेलच्या जिन्यात तो रोज तुझ्यासमोर असतो. तुझं सगळं काम इथूनच सुरू होतं.

आणखी एक गोष्ट तुझ्या मैत्रिणींना माहीत नसेल तर सांग. तुमचं कॉलेज डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या खेळांच्या तिसऱ्या पातळीवर आहे, आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. ही मुलं ऑगस्टच्या उन्हात सराव करतात, नोव्हेंबरच्या थंडीत पडतात-धडपडतात, आणि फी मात्र इतरांसारखीच भरतात. पुढे जाऊन या खेळावर पोट भरेल असं त्यांच्यातल्या जवळजवळ कुणालाच वाटत नाही. तरी खेळतात. शनिवारी दुपारी बाकांवर कोण बसलंय, याला त्यांच्या लेखी किती किंमत असते, हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

आता आवाजाचं. इथे आपलं कोल्हापूरचं वळण आड येतं, म्हणून नीट लिहितो. पेठेचा संघ उतरला की आपण सामनाभर ओरडतो. शिट्ट्या, आरोळ्या, चेंडू कुणाच्याही पायात असो. अमेरिकन फुटबॉलमध्ये तसं करून चालत नाही. चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे सरकायचं, आणि प्रत्येक डाउनच्या आधी क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा खेळाडू, आपल्या माणसांना हाका देतो. त्या हाकेच्या ठरलेल्या शब्दावर पुढच्या रांगेतली पाच धिप्पाड मुलं एका क्षणी हलली पाहिजेत. एक जरी आधी हलला तरी पाच यार्ड मागे. म्हणून आपल्याकडे चेंडू असताना गप्प बसायचं, आणि समोरच्यांकडे असताना, विशेषतः त्यांच्या तिसऱ्या डाउनला, छप्पर नसलं तरी उडेल असा आवाज करायचा.

मी हे चुकून शिकलो. इथल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो त्या पहिल्याच शरद ऋतूतला सामना. चौथा डाउन, एकच यार्ड हवा, चेंडू आमच्याकडे. मी उभा राहून घसा फोडून ओरडत होतो, आणि माझं बघून मागची पोरंही ओरडायला लागली. आमचा एक मुलगा आधी हलला. पाच यार्ड गेले, चेंडू लाथेने पलीकडे द्यावा लागला. पुढच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, गुडघ्यांवर घोंगडी, हातात थर्मास. ते वळले आणि न रागावता त्यांनी फक्त ओठांवर बोट ठेवलं. पुढच्या शनिवारी मी त्यांच्याच शेजारी जाऊन बसलो, आणि त्यानंतरची सहा वर्षं बसलो. कधी उठायचं, कधी बसायचं, कुणाच्या पाठीला मार लागलाय म्हणून तो आज वाकून धावतोय, हे सगळं मला त्यांनी दाखवलं.

तुझं पहिलं काम तेच असू दे. पहिल्या वर्षाच्या मुलांना, त्यातही आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना, खेळ समजत नाही. खेळ समजत नसला की माणूस फोन काढतो, फोन काढला की थंडी जाणवते, आणि थंडी जाणवली की हाफटाइमला उठतो. पहिल्या सामन्याच्या आधी मेसमध्ये एका संध्याकाळी दोघा-तिघा खेळाडूंनाच बोलाव. मिठाच्या आणि मिरपुडीच्या बाटल्या टेबलावर मांडून ते तासाभरात सगळं समजावतील. आणि त्या मुलांची नावं पाठ होतील, ते वेगळंच.

नावांवर माझा फार भर आहे. तू घोषणा तयार केल्या आहेस, त्या चांगल्या आहेत, राहू देत. पण आमच्याकडे मैदान इतकं जवळ असतं की बाजूच्या रेषेवर उभ्या मुलाला बाकांवरचा एकेक आवाज ओळखू येतो. माझ्या हाताखाली ग्रंथालयात पुस्तकं लावायला एक मुलगा यायचा, बचावाच्या रांगेत खेळणारा. सोमवारी कामावर आला की मला सांगायचा, "दुसऱ्या क्वार्टरला तुम्ही खोकत होतात, बरं आहे ना आता?" एवढं ऐकू जातं त्यांना. मग त्यांच्यातल्या प्रत्येकाला आपलं नाव एकदा तरी ऐकू यायला हवं. टचडाउन करणाऱ्याचं, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणाऱ्याचं, नाव सगळेच घेतात. पुढच्या रांगेत दुसऱ्यासाठी वाट मोकळी करणाऱ्याचं नाव तू घ्यायला लाव.

पिझ्झा आणि फुकट टीशर्ट वाटून माणसं येतात का, असं विचारलंस. येतात. पिझ्झा संपेपर्यंत बसतातही. मी तो खर्च करणार नाही. त्यापेक्षा व्हॉलीबॉलच्या आणि पोहण्याच्या संघातल्या मुलींशी बोल. लहान कॉलेजात प्रेक्षक म्हणजे बहुतेक दुसऱ्या कुठल्या तरी खेळाचे खेळाडूच असतात. बुधवारी संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या सामन्याला फुटबॉलची तीस पोरं जाऊन बसली, तर शनिवारी व्हॉलीबॉलचा अख्खा संघ तुझ्या बाकांवर असतो. ही देवाणघेवाण मी पाहिली आहे, ती टिकते. पण आधी फुटबॉलवाल्यांनी जायला हवं. कोचला भेटून हे तूच सांग, लाजू नकोस.

ढोल आणू का, हेही विचारलंस. आण, माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण आधी क्रीडा विभागाची परवानगी घे. कृत्रिम आवाजाच्या साधनांबद्दल इथे नियम आहेत, आणि खेळ सुरू व्हायच्या क्षणी बँडलासुद्धा थांबावं लागतं. म्हणून तुमच्या बँडशी जुळवून घे, त्यांच्याच शेजारी बसा. टचडाउननंतर, टाइमआउटमध्ये, क्वार्टर संपल्यावर वाजवा. ढोलाचा ठोका मध्येच कापून हात चामड्यावर ठेवणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. पण तुमच्या ढोलानंतर मैदानावर जी शांतता पडेल ना, ती ऐक. आपला क्वार्टरबॅक काय बोलतोय ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येतं. मला सगळ्या खेळात तो क्षण सगळ्यात आवडतो.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येतो. "लहान कॉलेजांत असं वातावरण होऊच शकत नाही बहुतेक." बाळ, होतं. मिनेसोटात कॉलेजव्हिल नावाच्या गावी सेंट जॉन्स विद्यापीठ आहे, बेनेडिक्टाइन साधूंनी उभं केलेलं. भोवती पाइनची झाडी, मध्ये खोलगट जागेत मैदान. जॉन गॅग्लियार्डी तिथे 1953 पासून 2012 पर्यंत कोच होते, साठ मोसम. आधीच्या कॉलेजातले धरून 489 सामने जिंकले, कॉलेज फुटबॉलमध्ये इतके विजय दुसऱ्या कुणाचे नाहीत. सरावात एकमेकांना पाडायचं नाही, शिट्टी नाही, आणि मुलांनी "कोच" म्हणायचं नाही, नुसतं "जॉन" म्हणायचं. मैदानात बसायची सोय साडेसात हजारांच्या आसपास, पण 2015 साली सेंट थॉमसविरुद्ध तिथे 17,327 माणसं आली. उरलेली उतारावर, गवतावर बसली. 2017 साली तोच सामना मिनिआपोलिसच्या बेसबॉल मैदानात झाला, तेव्हा 37,355. दोन वर्षांनी न्यू यॉर्क राज्यातल्या इथाका आणि कॉर्टलंड या दोन कॉलेजांच्या सामन्याला न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये 45,161 लोक जमले. हे सगळे डिव्हिजन थ्रीचेच संघ.

हे आकडे मी तुला हुरूप यावा म्हणून दिले, पण त्यांची पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते मला. सेंट थॉमस वाढत गेलं. 2019 मध्ये त्यांच्या गटातल्या इतर कॉलेजांनी त्यांना बाहेर पडायला लावलं, आणि 2021 पासून ते थेट सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनमध्ये खेळतात. दोघांचा तो वार्षिक सामना तिथेच थांबला. ज्यांच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या ओरडलो ते समोर येणारच नाहीत, हे त्या गावकऱ्यांना कसं लागलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. समोरचा संघ आहे म्हणून आपली दुपार आहे.

म्हणून एका बाबतीत कडक राहा. तुमच्या काही मुलांनी समोरच्या खेळाडूचं इन्स्टाग्राम शोधून त्याच्या मैत्रिणीच्या नावाने आरडाओरडा केला, असं तू लिहिलंस, आणि "सगळीकडेच चालतं" असंही लिहिलंस. तुझ्या बाजूला चालू देऊ नकोस. त्या मुलाची आई पंधरा पावलांवर बसलेली असते. पहाटे उठून चार तास गाडी चालवून ती आलेली असते. ईर्षा आपल्या रक्तात आहे, मी नाकारत नाही, पण ईर्षेपायी सामना हाणामारीवर गेलेला, बायकापोरं पायऱ्यांवरून पळालेली मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेत. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या घरातून कुणाला मैदानावर जाऊ दिलं नव्हतं. जोरात ओरडा, पण संघाविरुद्ध ओरडा. माणसाच्या घरादारावर जाऊ नका.

इंडियानात वाबाश आणि डेपॉ या दोन कॉलेजांची चुरस बघ. 1890 पासून खेळतायत. मोनॉन रेल्वेच्या इंजिनाची सुमारे तीनशे पौंडांची घंटा जिंकणाऱ्याकडे राहते, 1932 पासून. ती घंटा एकमेकांकडून पळवण्याचे उद्योग मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेत. हवी तेवढी खोडी काढायला वाव असतो, कुणाच्या आईला खाली मान घालायला न लावता.

सामन्याआधी पार्किंगमध्ये आई-वडील टेबलं मांडतात, तिकडे तुझ्या मुलांना घेऊन जा. शेगडीवर सॉसेज, मोठ्या पातेल्यात राजमा घातलेली चिली. तू शाकाहारी आहेस म्हणून मागे राहू नकोस, मक्याचा ब्रेड आणि सफरचंदाचा गरम रस असतोच. त्या मंडळींना कॉलेजची पोरं आपल्या मुलाला बघायला आलीत एवढं कळलं, की पुढच्या वेळी ती तुमच्यासाठी जादा करून आणतात. सामना संपल्यावर लगेच वसतिगृहात पळू नका. आमच्याकडे फाटक उघडतं, घरची माणसं गवतावर उतरतात, लहान भावंडं हेल्मेट घालून पळत असतात. हरल्यावर तर नक्की उतरा. हरलेल्या मुलाला काय बोलावं हे सुचत नाही, मला आजही सुचत नाही. मी नाव घेऊन हात मिळवतो.

मोसमाच्या शेवटी घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना असेल. त्या दिवशी चौथ्या वर्षाची मुलं आई-वडिलांना दोन्ही बाजूंना घेऊन मैदानावर चालत येतात, नाव पुकारलं जातं, आईच्या हातात फूल देतात. हे सामन्याच्या आधी होतं, आणि तेव्हा विद्यार्थ्यांची बाकं रिकामी असतात. त्या दिवशी अर्धा तास आधी सगळ्यांना घेऊन ये. चार वर्षांत एकदाही मैदानावर न उतरलेली मुलंसुद्धा त्या रांगेत असतात, त्यांच्या नावाला सगळ्यात जास्त आवाज झाला पाहिजे.

आणि आठवडाभर आधी कोचच्या ऑफिसात जाऊन विचार, कुणाच्या घरचं कुणी येणार नाही का. एखादा तरी असतो. माझ्या त्या ग्रंथालयातल्या मुलाची आई टेक्सासात रात्रपाळी करायची, तिला सुट्टी मिळाली नाही. त्याने शुक्रवारी पुस्तकं लावता लावता मला विचारलं, तुम्ही आणि काकू चालाल का माझ्याबरोबर? तुझ्या काकूने लोकरीच्या स्वेटरवर पैठणीचा शेला घेतला होता. नाव पुकारलं तेव्हा तिचा हात त्याच्या दंडाला घट्ट धरलेला होता, त्याचा श्वास पांढरा दिसत होता इतकी थंडी होती. बाकांवरून विद्यार्थी त्याचं नाव घेत होते, अगदी नीट, शेवटच्या अक्षरापर्यंत. त्याने फूल काकूला दिलं. घरी आल्यावर तिने ते फुलपात्रात पाणी घालून देवापाशी ठेवलं आणि त्याचा फोटो काढून त्याच्या आईला पाठवला.

त्या शनिवारची तारीख कळली की कळव. जमलं तर आम्ही दोघं येऊ.

तुझा काका