पहिल्यांदाच टीमचं नेतृत्व मिळालं, तर पहिल्या वर्षात काय शिकायला मिळतं?

अभिनंदन! ज्या टीममध्ये इतकी वर्षं काम केलंत तिचीच जबाबदारी पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येतेय, आणि हे वर्ष ज्यांनी नुकतंच काढलंय त्यांचा अनुभव तुम्हाला हवाय. माझं वर्ष अलीकडेच सरलंय, म्हणून लिहिते.

पद मिळाल्यावर सगळ्यात आधी बदलतं ते तुमच्या कानावर येणारं. कालपर्यंत जे सहकारी तुमच्याशी कामाबद्दल, वरिष्ठांबद्दल, अशक्य तारखांबद्दल मोकळेपणाने बोलायचे, तेच आता जपून बोलू लागतात. यात त्यांचा खोटेपणा नाही. त्यांचं अप्रेझल तुम्ही लिहिणार, रजा तुम्ही मंजूर करणार, मग कुणीही जपूनच बोलेल. मैत्रीत अंतर पडल्याचं वाईट वाटतं, पण कामाचं खरं नुकसान वेगळंच असतं. वाईट बातमी तुमच्यापर्यंत उशिरा येते आणि येताना बरीच सौम्य होऊन येते. 'थोडा उशीर होतोय' म्हणजे कामाला अजून हातही लागलेला नाही, असंही असू शकतं.

म्हणून वर्षभर मी सगळ्यात जास्त कष्ट घेतले ते ही बातमी लवकर कळावी यासाठी.

आठवड्याच्या मीटिंगमध्ये 'काही अडचण आहे का?' असं विचारलं की सगळे 'नाही' म्हणतात. चारचौघांत 'हो' म्हणायचं, तर आपण कमी पडतोय असं दिसेल ही भीती असते. मग मी प्रश्नच बदलला. 'समजा, ही तारीख चुकली आहे. कशामुळे चुकली असेल?' दोन-तीन मिनिटं प्रत्येकाने कागदावर लिहायचं आणि मग वाचून दाखवायचं. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी 2007 मध्ये एका लेखात ही पद्धत मांडली होती, तिला प्रीमॉर्टेम म्हणतात. पहिल्याच वेळी, मीटिंगमध्ये सहसा तोंड न उघडणाऱ्या एकाने लिहिलं, 'टेस्टिंगचा डेटा ज्यांच्याकडून यायचाय, ते त्याच आठवड्यात रजेवर आहेत.' आणखी दोघांना ही रजा ठाऊक होती, पण ते सांगायचं काम आपलं आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्या दुपारी फोन करून डेटा आधीच मागवून घेतला.

बातमी आली की तुमचं पहिलं वाक्य काय असतं, याकडे सगळ्या टीमचं लक्ष असतं. 'आधी का नाही सांगितलंस?' हा प्रश्न कितीही रास्त असला, तरी त्यानंतर पुढची बातमी आणखी उशिरा येते. मी आधी म्हणते, 'बरं झालं सांगितलंस. हातात किती वेळ आहे?' उशिरा सांगितल्याबद्दल बोलायचंच असेल, तर ते नंतर, एकट्यात.

टीम कशा काम करतात याच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांचं 1990च्या दशकातलं संशोधन इथे फार उपयोगी आहे. रुग्णालयांतल्या ज्या टीम चांगल्या चालतात तिथे औषधांच्या चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथली माणसं जास्त चुका करत होती म्हणून नव्हे, तर त्या लपवत नव्हती म्हणून. तेव्हा तुमच्याही सुरुवातीच्या महिन्यांत तक्रारींचा आकडा वाढला तर घाबरू नका. मात्र असं होऊ शकतं, हे तुमच्या वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा. त्यांच्या रिपोर्टमध्ये तो आकडा अचानक दिसायला नको.

मोकळेपणा म्हणजे ढिलाई, असं काही जण समजतात. मला ते अजिबात पटत नाही. अडचण वेळेवर कळली, तर तारखेबद्दल कडक राहता येतं. उशिरा कळली, तर मुदत वाढवून मागण्यावाचून काही उरत नाही.

काम सोपवण्याबद्दल थोडक्यात सांगते. काम देताना कोणता निर्णय त्यांनी स्वतः घ्यायचा आणि कोणता तुम्हाला विचारून, हे त्याच वेळी बोलून घ्या. एवढं स्पष्ट असलं की दिवसातून चारदा फॉलोअप करावा लागत नाही.

टीममधल्याच कुणाला हे पद हवं होतं का? बहुतेक ठिकाणी असतंच कुणीतरी. त्यांच्याशी पहिल्याच आठवड्यात बोला. आमच्याकडे एक सहकारी माझ्याहून वयाने आणि अनुभवाने मोठे होते. मी त्यांना थेट म्हटलं, 'हे पद तुम्हालाही हवं होतं, मला माहीत आहे. पुढच्या वर्षभरात तुम्हाला काय मिळालं तर इथे राहावंसं वाटेल?' ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, नव्या लोकांना शिकवायचं काम पूर्णपणे माझ्याकडे द्या. ते दिलं, आणि आज त्या कामात मी लक्ष घालत नाही.

रुजू झालात की प्रत्येकाला अर्धा तास द्या आणि एक प्रश्न नक्की विचारा: 'इथलं काय बदलू नये असं तुम्हाला वाटतं?' काय बदलावं हे लोक आपणहून सांगतात, हे मात्र विचारावं लागतं. सगळ्यांची उत्तरं हातात येईपर्यंत कामाची मांडणी हलवू नका. अपवाद एकच, कुणाला त्रास दिला जात असेल किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, तर त्याच दिवशी पाऊल उचला.