आधी तिचा फॉर्म भरू द्या

प्रश्न: मी मुंबई पोलिसांत हवालदार आहे. मुलगी बारावी कला शाखेत आहे, दहावीला 82 टक्के होते. तिला लॉ करून युद्ध आणि यादवी चालू असलेल्या देशांत कैद्यांचा छळ थांबवण्याचं काम करायचं आहे. माझ्या मते हे काम म्हणजे गुन्हेगारांची वकिली. देश पेटलेला असताना हात उचलल्याशिवाय माहिती मिळत नसते. पोलीस लाईनीत लोक विचारतात, पोरगी बापाच्या खात्याविरुद्ध लढणार का? तिनं साधी पदवी घेऊन पीएसआय व्हावं. लॉ सीईटीचा फॉर्म मी भरू दिलेला नाही. दोन महिने ती माझ्याशी बोलत नाही. तिला समजवा.
– एक वडील, नायगाव

उत्तर: नमस्कार. तिला काय समजवायचं ते नंतर पाहू. तुमच्या पत्रातलं फॉर्मचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिचं मन वळवायला तुम्ही आधी फॉर्म अडवलात आणि मग मला पत्र लिहिलंत. मधली पायरी, म्हणजे तिच्याशी बोलणं, राहूनच गेली. हे तिला कुठून सुचलं, ती काय वाचते, कोणत्या देशाबद्दल बोलते, यातलं काहीच पत्रात नाही. लाईनीतले लोक काय म्हणतात, हे मात्र आहे. लाईनीत वाढलेल्या मुलीनं बापाचा बंदोबस्त, रद्द झालेल्या रजा, सणाला रिकामं राहिलेलं पान सगळं पाहिलेलं असतं. छळाविरुद्ध बोलली म्हणजे ती तुमच्याविरुद्ध उभी राहिली, हा निष्कर्ष तुमचा आहे. तिनं तसं म्हटल्याचं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही.

सीईटीची मुदत संपायच्या आत फॉर्म भरू द्या. पदवी लॉची असली तरी पीएसआयच्या परीक्षेला बसता येतं, त्यामुळे तुमचाही रस्ता बंद होत नाही. तिचा मात्र तुम्ही आजच बंद करताय.

हात उचलण्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते मला अजिबात मान्य नाही. मार असह्य झाला की माणूस समोरच्याला हवं ते बोलतो, खरं असो वा खोटं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम 1872च्या पुरावा कायद्यात होता आणि नव्या कायद्यातही आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. देश पेटलेला असण्याचं म्हणाल, तर संयुक्त राष्ट्रांच्या 1984च्या छळविरोधी करारात थेट लिहिलंय की युद्ध, अंतर्गत अस्थैर्य, आणीबाणी, कोणतंही कारण छळासाठी चालणार नाही. संकटाच्या काळात तुरुंगाची दारं बाहेरच्यांना बंद होतात, वकील पोचत नाही, नातेवाइकांना पत्ता लागत नाही, म्हणून तर ही अट घालावी लागली. आपण 1997 मध्ये त्या करारावर सही केली, पण अजून तो मंजूर केलेला नाही. तुमच्या मुलीच्या पिढीपुढे इथेच केवढं काम पडलंय बघा.

आता ‘गुन्हेगारांची वकिली’. हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. ज्याचा छळ झाला तो दोषी की निर्दोष, हा या कामातला प्रश्नच नसतो. त्याच्यावर कोणी, कुठे, कोणाच्या हुकमानं काय केलं, हे शोधून सिद्ध करायचं असतं. म्हणजे काम तपासाचंच. जखमा कशा तपासायच्या, जबाब कसा घ्यायचा म्हणजे बोलणारा पुन्हा मोडून पडणार नाही, यासाठी डॉक्टर, वकील आणि मानसशास्त्रज्ञ ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ ही संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका वापरतात. सीरियाच्या गुप्तचर खात्यातला माजी कर्नल अन्वर रस्लान याला जर्मनीतल्या कोब्लेन्झच्या कोर्टानं जानेवारी 2022 मध्ये जन्मठेप दिली. दमास्कसच्या कोठडीतून वाचलेली माणसं परक्या देशात साक्षीला उभी राहिली. कोठडीत मेलेल्यांचे हजारो फोटोही त्या खटल्यात तपासले गेले. ते देशाबाहेर आणणारा माणूस सीरियाच्या लष्करी पोलिसांतलाच फोटोग्राफर होता. मृतदेहांचे फोटो काढणं ही त्याची ड्युटी होती. ही गोष्ट तुम्ही स्वतः मुलीला सांगा. तिला बहुधा ती आधीच माहीत असेल, आणि तिथून तुमचं बोलणं सुरू होईल.

मार्ग नेहमीचाच: बारावीनंतर लॉ सीईटी किंवा क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा), मग जीएलसी म्हणजे सरकारी लॉ कॉलेज किंवा पवईचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ, पुढे देवनारच्या टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) पदव्युत्तर शिक्षण.

तिलाही एक सांगायचंय. परदेशातल्या कामाचं स्वप्न थोडं बाजूला ठेव. नवख्या पदवीधराला कोणतीही जबाबदार संस्था धगीच्या जागी पाठवत नाही, आणि पाठवत असेल तर तिथे जाऊ नकोस. अनुभव इथेच मिळवायचा आहे. टिसचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून कैद्यांसोबत काम करतोय. राज्य मानवी हक्क आयोगाचं कार्यालय सीएसएमटीजवळ आहे. अटकेचे नियम घालून देणारा डी. के. बसू खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 1996चा निकाल आधी वाच. अटकेचा मेमो, नातेवाइकांना कळवणं, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी हे सगळं त्यात आहे, आणि यातलं प्रत्यक्षात काय होतं आणि काय राहून जातं, हे तुझ्या वडिलांइतकं नेमकं सांगणारं दुसरं कोण मिळणार? त्यांच्यासमोर बसून विचार. सोबत एक भाषा धर. कालिन्याला विद्यापीठात अरबीचा विभाग आहे. दुभाष्याविना जबाब ऐकू शकणाऱ्या माणसाची किंमत या कामात फार मोठी आहे.

पैशाबद्दल दोघांनाही स्पष्ट सांगते. सुरुवातीचा पगार कमी असतो, नोकऱ्या कंत्राटी असतात, परदेशी देणगीवर चालणारी संस्था एका आदेशानं अडचणीत येते. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेची बँकखाती सरकारी यंत्रणेनं गोठवल्यावर तिनं 2020 मध्ये भारतातलं काम थांबवलं. म्हणून वकिलीची सनद हाताशी हवीच, पोट त्यावर चालतं.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. मला तिला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: छळाच्या हकिगती वाचल्यावर तिला झोप लागते का, आणि लागत नसेल तेव्हा ती कोणाशी बोलते?