रविवार पाळला तर व्याज कुठून भरायचं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीतलं हे कुटुंब. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पाच एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. नवरा-बायको दोघंही आपलं वावर सांभाळून दुसऱ्यांकडे मजुरीला जातात, रविवारीसुद्धा. नवऱ्याची झोप उडालेली, उपासनेला जाणं बंद. त्याने विचारलेला प्रश्न असा होता: "रविवार पाळला तं व्याज कुठून भरू? अन् नाही पाळला तं देवाला काय सांगू?"

असा माणूस समोर आला की आधी पवित्र शास्त्र (बायबल) उघडायचं नसतं, हिशोबाची वहीही नाही. "जीव द्यावा असं मनात येतं का, भाऊ?" हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. येत असेल तर घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, माणसाला एकटं सोडायचं नाही आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोलणं करून द्यायचं. या भाऊंच्या मनात तसं नव्हतं. थकवा मात्र हाडात मुरला होता.

मग वही. प्रत्येक देणं वेगळ्या ओळीवर: कोणाचं, मुद्दल किती, महिन्याला व्याज किती, तारण काय, मुदत कधी. सहकारी बँकेचं पीक कर्ज 80,000. सावकाराचे 60,000, शेकडा पाच रुपये महिना, ताईंचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, सोनं गहाण. कृषी केंद्राची, म्हणजे बियाणं-खताच्या दुकानाची, उधारी 38,000. व्याज वर्षाला मोजलं की खरा आकडा दिसतो. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के, महिन्याला 3,000 रुपये. आणि दोघांची रविवारची मजुरी? त्याचे 400, तिचे 250. चार रविवारांचे 2,600. देवाने दिलेला विसाव्याचा दिवस पूर्ण विकूनही सावकाराचं नुसतं व्याज निघत नव्हतं, मुद्दल तर जागेवरच होतं. "ऋणको धनकोचा दास होतो" हे नीतिसूत्रांतलं वचन (22:7) त्या पानावर आकड्यांत उतरलं होतं. या माणसाला आणखी कष्ट कर म्हणून सांगणं हा अन्याय आहे, मग ते व्यासपीठावरून सांगितलेलं का असेना.

चूक कष्टात नव्हती, फेडीच्या क्रमात होती. दरवर्षी पहिल्या वेच्याचा पैसा दिवाळीत आणि कृषी केंद्रात जायचा, कारण केंद्रवाला रोज रस्त्यात भेटतो. सावकार व्याजावर खूश, त्यामुळे तो तगादा लावत नाही. सगळ्यात महागडं कर्ज असं शांत बसून वाढतं.

या हंगामासाठी क्रम बदलला. अंदाज 15 क्विंटल कापूस, 7,000 च्या भावाने 1,05,000. चार क्विंटल तूर, 28,000. वेचाई 10 रुपये किलोने 15,000 वजा. हाती 1,18,000. त्यातून आधी सावकाराचे 60,000 एकरकमी, आणि सोनं मोजून, पावतीसह परत घ्यायचं. तेच सोनं बँकेत ठेवून 50,000 घ्यायचे. सोनेतारणाचा दर वर्षाला साधारण 9 ते 11 टक्के, म्हणजे महिन्याला साधारण 375 ते 460 रुपये. महिन्याचे 2,500 च्या वर वाचले, जवळपास चारही रविवारांची मजुरी. उरलेले 58,000 आणि हे 50,000 मिळून 31 मार्चच्या आत पीक कर्ज फेडायचं. मुदत चुकली की व्याज सवलत जाते आणि नवं कर्जही अडतं. राहिलेले 28,000 कृषी केंद्राला. नवं पीक कर्ज मिळालं की बियाणं-खत रोखीने, म्हणजे उधारीचा चढा दर टळतो.

सावकाराने सोनं द्यायला टाळाटाळ केली तर? 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहकार खात्यातल्या सहायक निबंधकाकडे करायची. व्याज दिल्याच्या तारखा वहीत लिहिलेल्या असल्या की तिथे बोलता येतं.

आता रविवार. बायबलच्या निर्गम पुस्तकात 34:21 मध्ये नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही विसावा घ्यायला सांगितलं आहे. ही आज्ञा शेतकऱ्याची घाई ओळखूनच दिलेली आहे. पण ढग आलेत आणि बोंडं फुटलीत, तर कापूस वेचून घरात आणावा. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ (विसाव्याच्या) दिवशीही काढतात, हे येशूनेच सांगितलं आहे. त्या आठवड्यात दुसरा दिवस आधीच ठरवून मोकळा ठेवायचा, नाहीतर सूट हाच नियम होतो. घाईने दवातला ओला कापूस वेचला तर फायदाही नाही, ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की हमीभावाने खरेदी होत नाही. फवारणी तर थकलेल्या माणसाने करूच नये. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली.

चारा आणि सरपण शनिवारीच आणायचं. पाणी भरणं रविवारी भाऊंकडे, एका वेळचा स्वयंपाक शनिवारचा किंवा साधा. हे बारीकसारीक ठरवावंच लागतं. कारण बायबलच्या अनुवाद पुस्तकात 5:14 मध्ये दास, दासी, बैल, गाढव सगळ्यांना विसावा दिला आहे, आणि आपल्याकडे रविवारी नवरा ओट्यावर बसतो व बाई चुलीपाशीच असते. तो अर्धा विसावा झाला.

ताईंची भीती निराळी होती: दशांश (कमाईचा दहावा भाग देवाला देणं) थांबला म्हणून बरकत गेली का? 2 करिंथ 8:12 प्रमाणे दान माणसाजवळ जे आहे त्यावरून मान्य होतं, जे नाही त्यावरून नाही. सावकाराकडून उचलून दान देऊ नये. सध्या ताई घरच्या तुरीतून पायलीभर देतील. मंडळीच्या पाळकांना (धर्मगुरूंना) हे दोघांनी मिळून सांगायचं, म्हणजे मंडळीत कुजबुज होत नाही.

साळ्याने कर्जाला जामीन राहायला सांगितलं आहे. कृषी केंद्राचे 10,000 अजून बाकी आहेत, म्हणून उत्तर नाही असंच द्यायचं, आणि ते ताईंनी आपल्या भावाला द्यायचं, असं ठरलं.