शॉकअप बदलायच्या आधी गाडी किती बसते ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी हिरो एक्सपल्स 200 4व्ही, तुमचं वजन 88 किलो, मागे वहिनी आणि दोन बॅगा, महिन्यातून एकदा पुण्याहून अणुस्कुरा घाट उतरून राजापूर तालुक्यातल्या गावी जाणं. शेवटचे पाच-सहा किलोमीटर सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचा, कच्चा रस्ता. तिथे मागचा शॉकअप खाडकन आपटतो, पुढचा ब्रेक दाबला की नाक खाली जातं, आणि दुकानदार सांगतोय की 28,000 रुपयांचा नवा शॉकअप टाका. टाकावा का?

आत्ताच नको. एक टेप, चिकटपट्टीचा तुकडा आणि मदतीला दोन माणसं घेऊन अर्धा तास घालवा, मग ठरवा.

मी रत्नागिरी तालुक्यात राहतो, विहिरीवरचे आणि बोअरचे पंप दुरुस्त करतो. गाडी तुमच्याच मॉडेलची. मागे पान्यांची पेटी आणि वायरचं भेंडोळं धरून पंचवीसेक किलो कायम असतात, आणि पंप बिघडतो तो नेमका डांबर संपल्यावर पुढे दोन किलोमीटरवर. त्यामुळे या विषयात बरीच वर्षं हात घातलेला आहे.

आपल्याकडचा खराब रस्ता कसला असतो ते आधी डोळ्यासमोर आणा. लडाखचं नदीपात्र नाही की राजस्थानची वाळू नाही. जांभा आहे. चिरेखाणीकडे जाणारा रस्ता बघा: कातळ उघडा पडलेला, त्याच्या कडा धारदार, ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, मध्ये तांबडी माती. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरले की खोली कळत नाही आणि कातळावर शेवाळ धरतं. वेग ताशी वीस-तीस. उडी मारायची वेळ येत नाही, पण लहान-लहान टोकदार फटके एकामागून एक बसत राहतात. म्हणून चाक पटकन वर जायला हवं, तितक्याच पटकन खाली यायला हवं, आणि दोन माणसांचं ओझं असताना शेवटी कुठेतरी आधार मिळायला हवा. उंची वाढवून यातलं काहीच होत नाही. याच गाडीच्या रॅली किटमध्ये (उंच फोर्क-शॉकअपचा जास्तीचा संच) पुढे 250 आणि मागे 220 मिलिमीटर चाल, म्हणजे चाकाला वरखाली व्हायची जागा, मिळते. एकट्याने, हलक्या अंगाने पळवायला ती सुरेख आहे. पण आसन पाच-सहा सेंटीमीटर वर जातं, आणि शेवाळलेल्या उतारावर वहिनी मागे असताना पाय टेकला नाही तर गाडी पडणार. तुमच्या कामासाठी मी ते सुचवणार नाही.

आता मोजणी. पुस्तकात याला सॅग म्हणतात, आमचे मेस्त्री ‘गाडी किती बसते’ एवढंच म्हणतात, म्हणजे वजनाने ती किती खाली दबते. मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, शेपटाकडच्या पॅनेलवर चिकटपट्टी लावून पेनाने खूण करा. दोघांनी गाडी साइड स्टँडवर कलती करून मागचं चाक अधांतरी धरायचं आणि अ‍ॅक्सलपासून खुणेपर्यंतचं अंतर घ्यायचं. समजा 600 मिलिमीटर आलं. आता गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी करा, वर कुणी नाही. समजा 582 आलं, म्हणजे स्वतःच्या वजनाने ती 18 मिलिमीटर बसली. मग हेल्मेट, बूट, जॅकेट घालून तुम्ही बसा, एकाने पुढून हँडल धरा, दुसऱ्याने मोजा. 546 आलं तर एकूण 54 मिलिमीटर बसली. तुमच्या गाडीच्या मागच्या चाकाची चाल 170 मिलिमीटर आहे आणि खराब रस्त्यासाठी साधारण 30 ते 33 टक्के बसणं ठीक धरतात, म्हणजे 51 ते 56. एकटे असताना आकडा यात असला तर झकास.

त्यानंतर वहिनींना आणि बॅगांना घेऊन हेच परत मोजा. माझा अंदाज आहे की आकडा 80 च्या पुढे जाईल. म्हणजे निम्मी चाल रस्त्यावर निघण्याआधीच खर्ची पडली. उरलेल्या निम्म्यात सड्यावरचा खड्डा मावत नाही, म्हणून आपटतो. शॉकअप खराब आहे असं यावरून अजिबात ठरत नाही.

शॉकअपवर स्प्रिंग दाबून धरणारी, दहा पायऱ्यांची कॉलर (कडं) आहे. सी-पान्याने, म्हणजे आकड्यासारख्या वाकड्या पान्याने, ती एकेक पायरी आवळत जा आणि दोघांच्या वजनासकट पुन्हा पुन्हा मोजा. दोघं असताना 60-65 पर्यंत आलं तरी चालवून घ्यायला हरकत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक पैसे हिच्यापायी वाया जातात. कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होते असं सगळे समजतात. तशी ती होत नाही. एक मिलिमीटर दाबायला आठ किलो लागणारी स्प्रिंग कॉलर कितीही आवळली तरी आठचीच राहते. कॉलरने गाडी फक्त वर उचलली जाते. आणि जास्त आवळली की दुसरंच दुखणं सुरू होतं. चाकाला नुसतं वर जाऊन भागत नाही, खड्ड्यात उतरायलाही जागा लागते. ती जागा म्हणजेच गाडीचं स्वतःच्या वजनाने बसणं. ते संपलं की मागचं चाक खड्ड्यावर लटकतं, पलीकडच्या कडेवर आदळतं आणि मागे बसलेल्या माणसाची कंबर जाते.

म्हणून दुसरा आकडा बघायचा. दोघांच्या वजनावर कॉलर जमवून झाली की दोघं उतरा आणि रिकामी गाडी किती बसते ते मोजा. आठ-दहा मिलिमीटर तरी बसायला हवी. शून्याच्या आसपास आली तर तुमच्या ओझ्याला स्प्रिंग मऊ आहे आणि एक नंबर जास्त कडक स्प्रिंग हवी. उलट रिकामी गाडीच तीस-पस्तीस बसत असेल आणि माणसं बसल्यावर त्यात फारशी भर पडत नसेल, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. नुसती स्प्रिंग बदलायला अख्ख्या शॉकअपच्या मानाने थोडकेच पैसे लागतात.

शॉकअपमधलं डँपिंग, म्हणजे स्प्रिंगचं डोलणं आवरणारी तेलाची अडवणूक, संपलंय का, ते तपासणं सोपं आहे. सीट जोराने दाबून सोडा. वर येऊन एकदाच स्थिरावली तर जीव आहे. दोन-तीनदा डोलली, किंवा दांडीवर तेलाचा ओलावा आणि त्याला चिकटलेली तांबडी माती दिसली, तर शॉकअप खोलावा किंवा बदलावा लागेल. आणि हो, गाडी तिरकी धरलेलीच आहे तर मागचं चाक आडवं हलवून चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश बघून घ्या. ढिला चिमटा आणि ढिला कोनसेट (हँडलच्या दांड्यातले बेअरिंग) अंगावर घेऊन कितीही महाग शॉकअप लावला तरी गाडी भरकटणारच.

पुढच्या चाकाचं काम स्वस्त आहे आणि मला विचाराल तर तेच पहिलं करावं. फोर्क ऑइल, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन्ही नळ्यांतलं (फोर्कमधलं) तेल, कधी बदललंय? माझं पहिल्यांदा काढलं तेव्हा ते राखाडी रंगाचं, चंदेरी झाक असलेलं आणि सडक्या मासळीसारखा वास मारणारं निघालं होतं. ती चंदेरी झाक म्हणजे आतल्या भागांची झीज. असं पातळ झालेलं तेल पुढच्या चाकाला काबूत ठेवू शकत नाही.

पण नाक बुडतंय म्हणून जाड तेल घालू नका. मी घातलं होतं, 10 च्या जागी 20 ग्रेडचं. डांबरावर गाडी छान वाटली, घाटात वळणं घ्यायला मजा आली. तिसऱ्या दिवशी एका चिरेखाणीवर पंप बघायला गेलो. अर्ध्या तासाच्या रस्त्यात दोन्ही हातांची बोटं बधिर झाली, क्लच दाबताना करंगळीला काही कळेना. कारण साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतूनच जातं. टोकदार कडेवर चाक झटक्यात वर जायला बघतं तेव्हा जाड तेल त्या भोकांत अडतं आणि फटका सरळ हँडलवर येतो. वर येतानाही फोर्क रेंगाळतो, पुरता वर यायच्या आत पुढची कड येते, मग आणखी थोडा खाली राहतो. असं करत करत चार-पाच कडांनंतर फोर्क दाबलेलाच राहतो. त्या संध्याकाळीच परत 10 चं तेल भरून घेतलं.

नाक बुडायला उपाय म्हणजे तेलाची पातळी. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर मोजतात. सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा धरा, फोर्कच्या दोन्ही नळ्यांत अगदी सारखा ठेवा, आणि गरज पडली तर पाच-पाच मिलिमीटरने पातळी वाढवा. वरची हवा कमी झाली की शेवटच्या टप्प्यात ती दाबली जाऊन आधार देते, सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो. दहा मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका, सीलवर ताण येतो. फोर्क पाइपवर सीलच्या वर एक केबल टाय घट्ट नको अशी बांधा. सड्यावरून येऊन बघा ती कुठवर सरकली. चाल 190 मिलिमीटर आहे. रोजच्या सगळ्यात वाईट खड्ड्यातही एक-दोन सेंटीमीटर शिल्लक राहत असेल तर पुढचं काम झालं. एवढं करूनही बुडत असेल तर मग फोर्कच्या स्प्रिंगा.

आता खारी हवा. किनाऱ्यावर शॉकअप मरतात ते बहुतेक हिच्यामुळे. तवसाळ-जयगडच्या फेरीबोटीने मी महिन्यातून दोन-तीनदा जातो. रॅम्पवर भरतीचं पाणी असतं, चाकांनी ते फोर्कवर उडतं. एका पावसाळ्यात दोन दिवस गाडी तशीच उभी राहिली आणि डाव्या फोर्क पाइपवर मोहरीएवढा गंजाचा ठिपका आला. बोटाला जेमतेम लागत होता. फोर्क वरखाली होताना त्या ठिपक्याने सीलची ओठाळी कापली, तेल ओघळून पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरवर आलं आणि जयगडच्या उतारावर ब्रेक धरेना. पॅड, सील, तेल, सगळं नव्याने करावं लागलं. तेव्हापासून फेरीबोटीतून उतरलं की पहिल्या नळावर गोड्या पाण्याने फोर्क आणि शॉकअपची दांडी धुतो, फडक्याने पुसतो, घरी आल्यावर पाइपवर पातळ तेलाचा हात फिरवून पुन्हा पुसतो. फोर्कवर रबरी बूट चढवलेले असतील तर ते वर सरकवून आतूनही धुवा, ओली खारी माती त्यांच्या आतच बसून राहते. ठिपका वरवरचा असेल तर 1500 नंबरच्या पॉलिश पेपरवर तेलाचा थेंब टाकून हलक्या हाताने उतरतो. नखाला खड्डा लागत असेल तर पाइपच बदला.

28,000 चा शॉकअप घ्यायची वेळ आलीच, तर दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. माझं आणि मागच्या माणसाचं वजन धरून स्प्रिंग निवडून देणार का? आणि सील गेलं तर तो महाराष्ट्रात कुठे खोलून दुरुस्त होतो? दुसऱ्याचं उत्तर गोलमाल आलं तर खिशात हात घालू नका. खाऱ्या हवेत सील कधीतरी जाणारच. शॉकअप कुठलाही बसवा, नंतर चेनचा ढिलेपणा दोघं बसलेले असताना तपासा आणि हेडलाइटचा झोत परत लावून घ्या, मागची बाजू उचलली की तो जवळ पडतो.

या रविवारी मोजून घ्या आणि तीन आकडे इथेच खाली लिहा: रिकामी गाडी किती बसली, तुम्ही एकटे असताना किती, आणि वहिनी व बॅगांसकट किती. कॉलर कितव्या पायरीवर होती तेही लिहा. त्यावरून स्प्रिंग बदलायची की नाही ते सांगतो.