गेम विंडोजचा, मशीन मॅकचं

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये मॅकवर गेम खेळण्याबद्दलचीच पत्रं जास्त होती, म्हणून सगळा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न : माझ्याकडे एम २ चिपचं मॅकबुक एअर आहे, मेमरी ८ जीबी. मला खेळायचेत त्यातले निम्मे गेम फक्त विंडोजवर आहेत. जुन्या मॅकवर म्हणे विंडोज टाकता यायचं, मग यावर का नाही? आता वेगळा पीसीच घ्यावा का?

उत्तर : पीसी घ्यायची घाई नको. तुम्ही ऐकलंय ते बूट कॅम्पबद्दल, म्हणजे मॅकवर विंडोज टाकायची ॲपलचीच सोय, आणि ते फक्त इंटेलच्या मॅकवर चालायचं कारण त्यात प्रोसेसर पीसीसारखाच होता. २०२० च्या शेवटी एम १ आला आणि चिपची जातच बदलली, त्यामुळे तो रस्ता बंद झाला.

पण सगळ्यात आधी तुमचा गेम मॅकवर आलाय का ते बघा, खूप जण हेच बघत नाहीत. बाल्डर्स गेट ३ मॅकवर आहे, सायबरपंक २०७७ सुद्धा जुलै २०२५ मध्ये आला, आणि तो स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, आधी घेतलेला असेल तर मॅकसाठी परत पैसे मोजावे लागत नाहीत. स्टीमच्या पानावर ॲपलचं चिन्ह दिसलं की समजायचं. फक्त खाली लिहिलेली किमान मेमरी नक्की वाचा, तुमच्या ८ जीबीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनाही भागवायचं असतं, मोठ्या गेमला ते पुरत नाही.

नसेल तर वाईन नावाचं सॉफ्टवेअर. हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे, आणि यात विंडोज कुठेच नसतं. गेम विंडोजकडे म्हणून जे काही मागतो, फाईल उघड, खिडकी दाखव, आवाज लाव, ते वाईन मधल्यामध्ये पकडतं आणि मॅकला कळेल असं करून पुढे देतं. चित्रांचं काम अजून अवघड, कारण गेम बोलतो डायरेक्टएक्सच्या भाषेत आणि मॅकला समजतं फक्त मेटल, म्हणून ॲपलने २०२३ मध्ये गेम पोर्टिंग टूलकिट काढलं आणि त्यातला डीथ्रीडीमेटल हा भाग डायरेक्टएक्स ११ आणि १२ चं मेटलमध्ये भाषांतर करतो. शिवाय गेम इंटेल जातीच्या चिपसाठी लिहिलेला, तो तुमच्या चिपवर चालवायचं काम ॲपलच्या रोझेटा या प्रोग्रामचं. म्हणजे तुम्ही एक बटण दाबता तेव्हा मध्ये तीन दुभाषी राबत असतात, म्हणून त्याच ताकदीच्या पीसीपेक्षा फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, कमी मिळतात, तरी इतकं सगळं होऊन गेम चालतो याचं मला आजही कौतुक वाटतं.

हे हाताने जोडत बसायचं नसेल तर क्रॉसओव्हर हे वाईनवरच बनवलेलं ॲप घ्या. पैसे लागतात पण १४ दिवस फुकट वापरून बघता येतं. त्यात एक बॉटल बनवायची, म्हणजे विंडोजसारखा एक वेगळा कप्पा, त्यात विंडोजचं स्टीम टाकायचं आणि तिथून गेम उतरवायचा. जुन्या व्हिडिओंमध्ये व्हिस्की नावाचं फुकट ॲप सुचवलेलं दिसेल, त्याचं काम २०२५ मध्ये थांबलंय, नव्याने त्याच्या मागे लागू नका.

आणि एअरला पंखा नसतो, थोड्या वेळाने ते तापतं आणि स्पीड उतरतो. म्हणून २५६० बाय १६६४ च्या पूर्ण रिझोल्यूशनवर खेळायचा अट्टहास नको, १४४० बाय ९०० च्या आसपास या, सावल्यांची सेटिंग सगळ्यात आधी खाली आणा, फ्रेम ३० वर बांधून टाका. साठवर उड्या मारत चालणाऱ्या गेमपेक्षा तीसवर एकसारखा चालणारा कितीतरी बरा वाटतो.

प्रश्न : वाईनवाल्या ॲपमध्ये गेम टाकला. सुरू होतो, मेनूचं संगीत ऐकू येतं, पण स्क्रीन पूर्ण काळी. तीनदा काढून परत टाकला. काय चुकतंय?

उत्तर : संगीत येतंय म्हणजे गेम जिवंत आहे, फक्त चित्राचा दुभाषी जमत नाहीये. परत इन्स्टॉल करून यात काही फरक पडत नाही. बॉटलच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सचा पर्याय असतो, डीथ्रीडीमेटल, डीएक्सएमटी, डीएक्सव्हीके असे वेगवेगळे दुभाषी. एकेक लावून बघा, दर वेळी गेम आणि स्टीम दोन्ही पूर्ण बंद करून मगच. डायरेक्टएक्स १२ चा गेम असेल तर डीथ्रीडीमेटलपासून सुरुवात करा, ११ चा असेल तर डीएक्सएमटीसुद्धा करून बघा. गेमला ११ आणि १२ दोन्ही चालत असतील तर ११ वर टाकूनही बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कुठे काय केलं ते लिहून ठेवा, नाहीतर चाललं तरी कशामुळे चाललं ते कळत नाही. चित्र आल्यावर पहिली काही मिनिटं गेम अडखळत चालेल, नवीन जागा दिसली की अडकेल, ते शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार होत असतात, त्याच जागी दुसऱ्यांदा गेलात की बहुतेक अडखळणं जातं.

प्रश्न : आम्ही चार मित्र रात्री ऑनलाइन शूटर खेळतो, बाकी तिघांकडे विंडोज आहे. मलाही त्यांच्यात खेळायचंय.

उत्तर : इथे मात्र जपून. मागच्या वर्षी माझ्या भाच्याने साठवलेल्या पैशांतून असाच एक गेम घेतला, रात्रभर डाऊनलोड लावून ठेवला, सकाळी मेनूपर्यंत पोचला आणि मॅच लावल्याबरोबर एका ओळीचा मेसेज देऊन गेम बंद. मुलगा अर्धा तास काहीच बोलला नाही. कारण होतं अँटी-चीट. फसवून खेळणाऱ्यांना पकडणारा हा प्रोग्राम बऱ्याच गेममध्ये विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये जाऊन बसतो, आणि वाईनमध्ये तो गाभाच नसतो. व्हॅलोरंटचं असंच आहे, ते मॅकवर चालवायच्या नादाला लागूच नका. पॅरलल्स, म्हणजे मॅकच्या आत विंडोज चालवणारं ॲप, घेऊन त्यात विंडोज टाकलं तरी हे सुटत नाही, ते विंडोज एआरएमचं, म्हणजे मॅकच्या नव्या चिपच्या जातीचं असतं आणि वर डायरेक्टएक्स १२ तिथे मिळत नाही. अँटी-चीटला चकवायच्या युक्त्या कोणी सांगितल्या तरी करू नका, अकाउंटवर बंदी येते आणि वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं जातं.

तुमच्यासाठी क्लाउड. जीफोर्स नाऊवर गेम लांबच्या सर्व्हरवर खऱ्या विंडोजमध्ये चालतो आणि तुमच्याकडे फक्त चित्र येतं, म्हणून फोर्टनाइट किंवा काउंटर-स्ट्राइक २ तिथे खेळता येतात. ही सेवा तुमच्या देशात आहे का आणि तुमचा गेम त्यांच्या यादीत आहे का हे आधी बघा. १०८० पी साठी २५ एमबीपीएस सांगतात, पण शूटरमध्ये स्पीडपेक्षा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, महत्त्वाचा, म्हणून जमलं तर केबल लावा, नाहीतर ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय. फुकटच्या प्लॅनमध्ये रांगेत थांबावं लागतं आणि एक सेशन तासाभराचं असतं. आधी फुकटातच दोन-तीन रात्री मित्रांसोबत खेळून बघा.

प्रश्न : गेम घेतला आणि चाललाच नाही तर पैसे परत मिळतात का?

उत्तर : स्टीमवर हो. घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर. पण काळ्या स्क्रीनशी झटापट करण्यात गेलेला वेळही त्या दोन तासांत धरला जातो, म्हणून क्रॉसओव्हरच्या साईटवर त्या गेमबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते घेण्याआधीच वाचा.

प्रश्न : घरात २०१७ चा इंटेल आयमॅक पडून आहे. मुलीला गेमसाठी दिला तर?

उत्तर : द्या की! यावर बूट कॅम्प चालतं. फक्त तिथे अधिकृतपणे विंडोज १० च बसतं आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्या बाजूला बँकेची कामं नकोत, गेमपुरतं ठेवा. विंडोज टाकायच्या आधी मॅकच्या सगळ्या डेटाचा बॅकअप घ्या, डिस्कचे भाग पाडताना काही बिघडलं तर फोटो परत येत नाहीत.

प्रश्न : लहानपणी भावासोबत खेळायचो त्या विंडोज गेमची सीडी सापडलीय. नव्या मॅकवर काही आशा?

उत्तर : आहे, आणि तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. मॅकने २०१९ मध्ये ३२ बिटचे प्रोग्राम बंद केले, पण क्रॉसओव्हर विंडोजचे ३२ बिट गेम अजूनही चालवतं. अडचण येईल ती सीडीवरच्या कॉपी प्रोटेक्शनची, ते बहुतेक वेळा चालत नाही. म्हणून आधी जीओजी या ऑनलाइन दुकानात तोच गेम मिळतो का शोधा, तिथे प्रोटेक्शन काढलेली कॉपी विकतात. तसंच, रोझेटा पूर्ण स्वरूपात मॅकओएस २७ पर्यंतच राहील आणि त्यानंतर जुन्या गेमपुरता त्याचा काही भाग ठेवू असं ॲपलने सांगितलंय, म्हणून गेम एकदा नीट चालला की ती बॉटल एक्स्पोर्ट करून बाहेरच्या डिस्कवर ठेवून द्या आणि मॅकओएस अपडेट करायच्या आधी दोनदा विचार करा. दोन कंट्रोलर ब्लूटूथने जोडता येतात, पण इतका जुना गेम कंट्रोलर ओळखेलच असं नाही, भावाला बोलवायच्या आधी तेवढं तपासून ठेवा.