मत देण्याआधी गल्लीत जा

बेटा,

तुझा मेसेज रात्री वाचला. "लोकांचं ऐकू की माझ्या मनाचं?" एवढंच विचारलंस आणि खाली निवेदनाचा फोटो. मी तो मोठा करून पाहिला. तुझ्या प्रभागातल्या लोकांची मागणी एकच, गल्लीत सिमेंटचा रस्ता, आणि त्यावर तुला नगरसेविका म्हणून सभागृहात मत द्यायचंय. आणि तुला दिसतंय की जुना रस्ता न खोदता वरूनच सिमेंट चढवलं, तर पहिल्याच जोराच्या पावसात पाणी सह्या करणाऱ्यांच्याच घरात शिरणार. नागपुरात हे काय गुपित आहे? कितीतरी गल्ल्यांत रस्ता ओट्याच्या वर गेलाय. फाटक उघडलं की पायरी खाली उतरून घरात जायचं, आणि दाराशी लोकांनी स्वतःच्या पैशाने विटांची आडवी भिंत घातलेली.

मग तुझं अडलंय कुठे? विषय तुला कळलाय. तू घाबरतेस ती त्या लोकांसमोर उभं राहायला. राग नको मानू, मी हे फार पाहिलंय. सभागृहात सद्सद्विवेकाच्या नावाने भाषण ठोकायचं आणि पुढचे सहा महिने प्रभागात तोंड दाखवायचं नाही. माझं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे. लोकांच्या विरोधात मत दे, खुशाल दे, पण देण्याआधी त्यांना जाऊन सांग. नंतर सांगणं म्हणजे खुलासा. तो कोणीही करतो.

तुम्हा अभ्यासू मुलांना अठराव्या शतकातला ब्रिटिश खासदार एडमंड बर्क फार आवडतो. प्रतिनिधीने आपली बुद्धी मतदारांच्या मतापुढे गहाण टाकली तर ती सेवा नव्हे, दगा, असं तो म्हणाला. ते तुम्हाला पाठ असतं. पण कधी आणि कुठे म्हणाला? 3 नोव्हेंबर 1774 ला, निवडून आल्याबरोबर, ब्रिस्टलच्या मतदारांच्या तोंडावर. पुढे आयर्लंडच्या व्यापाराला सवलती आणि कॅथलिकांवरचे निर्बंध सैल करणं, या दोन्हींत त्याने त्यांना दुखावलं. 1780 मध्ये तिथे जाऊन बाजू मांडली आणि वारं ओळखून निवडणुकीतून माघार घेतली. तो ब्रिस्टलला फारसा फिरकतच नाही, अशीही मतदारांची तक्रार होती. बाकी सगळं सोड, ही तक्रार मला रास्त वाटते.

आपल्याकडचे लोकनायक बापूजी अणे घे. 1943 मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा देणारा माणूस. 1962 मध्ये काँग्रेसचा जोर असताना ते नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले, तेही वेगळ्या विदर्भाची भूमिका उघड घेऊन. पटलं तर मत द्या. "आम्हाला ठाऊक नव्हतं" म्हणायची सोयच नाही.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पक्ष. पक्षांतर रोखायला आमदार-खासदारांना 1985 पासून राज्यघटनेची दहावी अनुसूची आहे, आपल्या नगरसेवकांना महाराष्ट्राचा 1986 चा अनर्हता, म्हणजे अपात्रतेचा, अधिनियम. व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर पद जाऊ शकतं. गल्लीच्या रस्त्यासाठी कोणी व्हिप काढत बसत नाही, पण गटनेत्याचा फोन येतो. त्यालाही आधीच सांग. फोन आला म्हणून हात वर करायचा आणि प्रभागात येऊन "लोकांची इच्छा" म्हणायचं, हे मात्र करू नकोस. त्यात लोकही नाहीत आणि मनही नाही.

माझ्या वेळी नाल्याकाठचे प्लॉट होते. गुंठेवारीत नियमित करून द्या म्हणून लोक मागे लागले. गरीब माणसं, पैसे भरून बसलेली, ले-आऊटवाला केव्हाच पसार. ज्या घरी मी नेहमी चहा प्यायचो तिथेच बसून सांगितलं की मी विरोधात बोलणार. घरातली म्हातारी म्हणाली, "भाऊ, तुम्हाले आम्ही निवडून दिलं, अन् तुम्ही आमच्याच घराले नाई म्हन्ता?" मी पुराचं बोललो. तिच्या चुलीसमोर ते अगदी पुस्तकी वाटत होतं. तरी बोललो, आणि दुसऱ्या दिवशी सभागृहातही तेच बोललो. पुढची निवडणूक पडलो, मग पक्षाने तिकीटही दिलं नाही. अहंकार नडला म्हणतात. म्हणोत बाप्पा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या घरात शिरली, मोर भवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. तेव्हा "मी म्हटलं होतं" असं मी कोणालाच म्हणणार नव्हतो. दोघातिघांना म्हटलं. का म्हणू नये?

असो. तुझं निवेदन पुन्हा बघ. उताराच्या टोकाला जे भाडेकरू राहतात, त्यांची एकही सही नाही. पाणी पहिल्यांदा त्यांच्याकडेच जाणार. सह्या आणतात तेवढेच लोक नसतात, हे तुला मी सांगायला हवं का?

रविवारी सकाळी जा, माणसं घरी असतात. ज्युनिअर इंजिनिअरला सोबत घे. तो आला नाही तर मिस्त्री वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भर, एक टोक ओट्याशी धर, दुसरं रस्त्यावर, आणि नवा थर कुठपर्यंत येईल ते भिंतीवर खडूने आख. त्यांना त्यांच्याच भिंतीवर दिसू दे. खोदून केलं तर खर्च वाढेल, काम लांबेल, गाड्या महिनाभर बाहेर लावाव्या लागतील, हेही लपवू नकोस. तरी ते वरूनच टाका म्हणाले, तर तिथेच सांग की मी विरोधात मत देणार आहे. मग दे.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळी होऊ नकोस, तिथे अंगठ्याशिवाय काही मिळत नाही. पेपरवाल्यालाही बोलावू नकोस. चार जणांचा प्रभाग आहे, "रस्ता तिने अडवला" हे बाकीचे तिघे घरोघर सांगतीलच. तू त्यांच्या आधी पोच.